सर्किट काढावे की लिहावे?



झाशीच्या स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग आपणांपैकी प्रत्येकावर आलेला असेल. येथून चार दिशांना रूळ जातात. एक ग्वाल्हेरवरून दिल्लीकडे, दुसरा बीना-भोपाळवरून मुंबईकडे, तिसरा उरईवरून कानपूरकडे आणि चौथा मऊरानीपूर-महोब्यावरून माणिकपूरकडे. इंडियन मिडलँड रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हे जाळे विणले. पुढे १९५१ पासून २००३ पर्यंत हे स्थानक मध्य रेल्वेत होते, आणि त्यामुळे झाशीच्या रेल्वेचा कारभार दूरवरच्या बोरीबंदरातून चालत असे. येथील अनेक मराठी घरांना नेवाळकरांच्या काळाची आठवण आहे, तशीच काहींना बोरीबंदराहून आलेल्या बदलीच्या हुकुमाचीही आहे. माझे काका याच रेल्वेच्या सिग्नल विभागात होते.

फलाटाच्या टोकापलीकडचा तांबडा दिवा मालवतो आणि हिरवा लागतो. आपण सामान उचलतो. परंतु तो दिवा हिरवा होण्यापूर्वी कोणी तरी, किंवा कशाने तरी, काही गोष्टींचा निर्णय केलेला असतो. सांधे योग्य दिशेला लागले आहेत काय व ते कुलूपबंद झाले आहेत काय, पुढचा रूळ मोकळा आहे काय, फाटक बंद आहे काय, समोरून येणाऱ्या वाटेचा सिग्नल तांबडा आहे काय, या चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आले तरच हिरवा दिवा लागावा, एरवी कदापि लागू नये. हा निर्णय यंत्राने करावयाचा तर यंत्राला तो समजावून कसा द्यावयाचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, निर्णयाची आकृती काढावयाची. दुसरा, निर्णय शब्दांत लिहावयाचा. संगणक, दूरध्वनी, घड्याळे आणि आपल्या हातांतील सर्व उपकरणे ज्या अंकीय सर्किटांवर चालतात, त्यांच्या रचनाकारांमध्ये या दोन मार्गांविषयी पुष्कळ वर्षे वाद चालला. तो वाद मिटला असे वरवर दिसते. माझ्या मते तो अर्धाच मिटला आहे.

प्रथम आकृतीकडे पाहू. मी लहान असताना काकांनी मला रिले-खोलीची हकीकत सांगितली होती. त्या खोलीला दोन कुलपे असतात. एक किल्ली स्टेशनमास्तरांकडे, दुसरी सिग्नलच्या माणसाकडे. दोघे एकत्र आल्यावाचून दार उघडत नाही. आत मांडण्यांवर रिलेंच्या रांगा असतात. रिले म्हणजे एक लहानसे विद्युच्चुंबक. वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंडी पट्टी वर खेचली जाते आणि संपर्क जुळतात. प्रवाह तुटला की पट्टी आपल्याच वजनाने खाली पडते आणि संपर्क सुटतात. सिग्नलसाठी वापरावयाचा रिले मुद्दाम असा बनवितात की तार तुटली, वीज गेली, काही बिघडले, तर पट्टी खालीच पडावी. सिग्नलच्या कामात खाली पडणे म्हणजे तांबडा दिवा. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कधी रजेवर जात नाही, एवढ्या भरवशावर ही सारी सुरक्षितता उभी आहे.

आता वरच्या चार अटी घ्या. प्रत्येक अटीचा एकेक रिले. चौघांचे संपर्क एकामागून एक, एकाच तारेवर ओवावयाचे आणि ती तार हिरव्या दिव्याच्या रिलेपर्यंत न्यावयाची. एकही संपर्क सुटला तर प्रवाह पुढे जात नाही. कागदावर याचे चित्र काढले की एक आडवी रेघ दिसते व तिच्यावर चार तुटक खुणा दिसतात. काका त्या रेघेवरून बोट फिरवीत असत. बोट डावीकडून उजवीकडे अडथळ्याविना गेले तर दिवा हिरवा. ज्याला अक्षर वाचता येते पण बीजगणित येत नाही, असा माणूसही त्या कागदावर बोट ठेवून ‘येथे अडले’ असे सांगू शकतो. आकृतीचा हा गुण पुढे कोठेही विसरू नये अशी माझी विनंती आहे.

१९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत एक प्रबंध लिहिला व पुढल्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. त्याने दाखविले की रिलेंची अशी प्रत्येक आकृती ही जॉर्ज बूलच्या तर्कशास्त्रीय बीजगणितातील एक समीकरण आहे. संपर्क एकामागून एक असतील तर तो ‘आणि’. शेजारी-शेजारी असतील तर तो ‘किंवा’. उलटा संपर्क असेल तर तो ‘नाही’. आमच्या सिग्नलचे समीकरण मग एका ओळीचे होते: सिग्नल म्हणजे सांधा आणि रूळ आणि फाटक आणि विरोधी सिग्नल नाही. येथेच वादाचे बीज पडले. एकच निर्णय दोन लिप्यांत लिहिता येतो हे ठरले. मग कोणती लिपी सोयीची एवढाच प्रश्न उरला. परंतु त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे बहुतेक सारे अभियंते आकृतीच काढीत राहिले, याचे कारण उघड आहे. बनवावयाची वस्तू तारांची होती आणि आकृतीतही तारा दिसत होत्या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक घ्या. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्या पिढीच्या यंत्रांची सर्किटे माणसांनी कागदावर काढली आणि माणसांनीच त्याप्रमाणे डाख देऊन जोडली. पुढे नलिकेच्या जागी ट्रान्झिस्टर आला, मग एका चिपेत चार-सहा तर्कद्वारे बसू लागली, तरी पद्धत तीच राहिली. तर्कद्वार म्हणजे रिलेच्या संपर्कांचे काम करणारा लहानसा घटक, मग तो ‘आणि’ असो, ‘किंवा’ असो की ‘नाही’ असो. प्रत्येकाचे ठरलेले चिन्ह. चिन्हे मांडावयाची आणि रेघांनी जोडावयाची. संगणकाच्या पडद्यावर हेच काम करता येऊ लागले तेव्हा आम्हांस फार मोठी क्रांती झाली असे वाटले. वास्तविक पेन्सिलीच्या जागी माउस आला होता, एवढेच.

मी स्वतः अशा आकृत्या वर्षानुवर्षे काढल्या आहेत. एका कार्यालयात असताना मी काढलेले एक सर्किट चौतीस कागदांचे झाले होते. एवढ्या रेघा एका कागदावर मावत नाहीत. तेव्हा रेघ कागदाच्या कडेला आणून सोडावयाची, तिला नाव द्यावयाचे आणि दुसऱ्या कागदावर त्याच नावाने ती पुन्हा सुरू करावयाची. यंत्र सुरू होताच सर्व स्मृतिघटक शून्यावर आणणारी एक तार होती. तिचे नाव मी सहाव्या कागदावर ‘रीसेट’ असे लिहिले आणि एकोणिसाव्या कागदावर, बहुधा जेवणाची वेळ झाली होती म्हणून, नुसते ‘आरएसटी’ असे लिहिले. माणसाला ही दोन्ही नावे एकच वाटतात. यंत्राला ती दोन निराळ्या तारा वाटल्या, आणि एकोणिसाव्या कागदावरील तार कोठेही न जोडता तशीच हवेत राहिली. छापील पाट्या बनून आल्या. सकाळी यंत्र चालत असे आणि दुपारी, खोली तापल्यावर, वाटेल तसे वागत असे. अकरा दिवस आम्ही वीजपुरवठ्यावर संशय घेत होतो. शेवटी माझ्या हाताखालच्या एका मुलाने सर्व कागद जमिनीवर पसरून तारांच्या नावांची यादी वहीत लिहून काढली, तेव्हा दोष सापडला. चौतीस कागदांवर बोट फिरविता येत नाही.

आकृतीची पद्धत कोठे खचली ते यावरून दिसेल. १९७१ साली निघालेल्या इंटेलच्या ४००४ या पहिल्या सूक्ष्मप्रक्रियकात २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ च्या ८०८६ मध्ये २९,००० झाले. १९८५ च्या ३८६ मध्ये २,७५,००० झाले. चौदा वर्षांत शंभरपटींहून अधिक वाढ झाली, आणि माणसाचे बोट मात्र एकच राहिले. शिवाय आठ अंकांची बेरीज करणारे सर्किट बत्तीस अंकांचे करावयाचे तर आकृती पुन्हा काढावी लागते. लिहिलेल्या वर्णनात आठाच्या जागी बत्तीस घालावयाचे असतात. आणि कालच्या व आजच्या आकृतीत काय बदलले हे दोन कागद प्रकाशासमोर एकावर एक धरून पाहावे लागते, तर दोन लेखांतील फरक यंत्र ओळीनुसार दाखविते.

लिहिण्याच्या भाषा अनेक झाल्या. त्यांतील दोन टिकल्या. त्यांपैकी एकीचा धागा आपल्या शेजारच्या कानपूरशी जुळतो. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले प्रभू गोयल यांनी आयबीएममध्ये चिपांच्या परीक्षणावर नाव घेण्याजोगे काम केले व नंतर गेटवे ही कंपनी काढली. तेथे १९८३-८४ च्या हिवाळ्यात फिल मूरबी या इंग्रज सहकाऱ्याच्या हातून मुख्यत्वे व्हेरिलॉग ही भाषा घडली. पुढे ती कंपनी कॅडेन्सने विकत घेतली, १९९० साली भाषा सर्वांसाठी खुली केली, आणि १९९५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. दुसरी भाषा व्हीएचडीएल. तिची प्रेरणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याची, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. सैन्याची उपकरणे वीस-तीस वर्षे वापरात राहतात, पण त्यांतील चिपा पाच वर्षांत बाजारातून नाहीशा होतात. ती चिप पुन्हा बनवावयाची तर ती नेमके काय करीत होती हे कोणी तरी निःसंदिग्धपणे लिहून ठेवलेले हवे. म्हणजे ही भाषा मुळात दस्तऐवजासाठी मागितली गेली. ती १९८७ साली मानक झाली.

ध्यानात घ्या की या भाषांनी सर्किट बनवावयाचे असे प्रथम कोणाच्या मनात नव्हते. लिहिलेले वर्णन संगणकावर चालवून पाहावे, चूक आधीच सापडावी, एवढाच व्हेरिलॉगचा आरंभीचा उपयोग होता. आकृती काढणारा माणूस आपल्या जागी होताच. नवव्या दशकाच्या अखेरीस वर्णन वाचून तर्कद्वारांची जुळणी स्वतःच करणाऱ्या प्रणाली बाजारात आल्या. १९८६ साली स्थापन झालेल्या सिनॉप्सिस कंपनीचे नाव यात प्रमुख आहे. या क्रियेला संश्लेषण म्हणतात. तेव्हापासून आकृती काढणे यंत्राचे काम झाले आणि माणसाकडे लिहिणे राहिले. एफपीजीए नावाच्या, कारखान्यातून कोऱ्या निघणाऱ्या आणि नंतर हवे ते सर्किट भरून घेणाऱ्या चिपांच्या एका मोठ्या उत्पादकाने तर २०१२ साली आणलेल्या आपल्या नव्या प्रणालीतून आकृती काढण्याची सोयच वगळली. वाद मिटला असे म्हणतात तो येथे.

येथे थोडे विषयांतर करतो. झाशीविषयी मराठीत लिहिलेल्या पुस्तकांत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे स्थान सर्वांना ठाऊक आहे. वरसईचे हे भिक्षुक १८५८ च्या वेढ्याच्या वेळी या किल्ल्याच्या आश्रयाला होते. त्यांचे लेखन चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. आता किल्ल्याचा नकाशा ही एक गोष्ट, आणि गोडसे भटजींजवळचा वृत्तान्त ही दुसरी. नकाशात सर्व बुरूज एकाच वेळी दिसतात; आधी कोणता आणि नंतर कोणता हा प्रश्न तेथे नाही. वृत्तान्तात एकामागून एक गोष्ट घडते. आपल्याला वाटेल की आकृती हा नकाशा आणि वर्णनभाषेतील लेख हा वृत्तान्त होय. दिसावयास तसेच दिसते. आणि नवशिके नेमके तेथेच फसतात.

संगणकासाठी लिहिलेला सामान्य कार्यक्रम हा वृत्तान्त असतो. पहिली ओळ आधी, दुसरी नंतर. परंतु सर्किटाचे वर्णन ओळींनी लिहिलेले असले तरी तो नकाशाच असतो. त्यातील शंभर विधाने शंभर निरनिराळ्या जागी एकाच क्षणी खरी असतात, कारण प्रत्येक विधानामागे एकेक तारांचा जुडगा आहे आणि वीज सर्व तारांत एकदमच वाहते. ज्यांना प्रथम कार्यक्रम लिहिण्याची सवय लागली, ते वर्णनभाषेत उत्तम मजकूर लिहितात आणि निकृष्ट सर्किटे बनवितात. लेखणी हाती असताना तारा विसरल्या जातात, हा लिहिण्याच्या पद्धतीचा पहिला दोष होय, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत मोठा आहे.

तरी लाभ फार मोठा आहे, आणि तो आपल्या देशाने अलीकडे प्रत्यक्ष घेतला. मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’ या नावाने प्रक्रियकांची एक मालिका तयार झाली. तिचे वर्णन ब्लूस्पेक या अधिक वरच्या पातळीवरील भाषेत लिहिले आहे. या भाषेमागेही कानपूर आयआयटीचेच एक विद्यार्थी, एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक अरविंद, होते. २०१८ साली या कुळातील एक चिप इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात २२ नॅनोमीटरच्या तंत्राने बनली आणि दुसरी मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या तंत्राने. या दोन कारखान्यांच्या साधनसामग्रीत कित्येक पिढ्यांचे अंतर आहे. आकृत्यांच्या काळात एका कारखान्यासाठी काढलेले कागद दुसऱ्या कारखान्यात जवळजवळ रद्दीच ठरत. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी बनविलेला ‘अजित’ हा प्रक्रियकही, जो २०१९ साली जाहीर झाला, मोहालीतच घडला. त्याच्या रचनेत तर त्यांनी संश्लेषणाची आपलीच साधने वापरली. ज्या देशाजवळ अत्याधुनिक कारखाना नव्हता, त्याला आपले ज्ञान कारखान्यापासून अलग करून लिहून ठेवता आले, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

आता पुन्हा रेल्वेकडे वळू. अनेक स्थानकांत रिलेंच्या निर्णयाचे काम आता संगणक करतो. त्याला इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग म्हणतात. दोन किंवा तीन प्रक्रियक तोच निर्णय स्वतंत्रपणे करतात आणि त्यांपैकी किमान दोघांचे एकमत झाले तरच हिरवा दिवा लागतो. या संगणकांना निर्णय शिकविण्याच्या पद्धती पाहण्यासारख्या आहेत. एका बनावटीत शॅननच्या धर्तीची समीकरणे ओळीमागून ओळ लिहितात. दुसऱ्या बनावटीत मात्र पडद्यावर शिडीसारखी आकृती काढतात, आणि त्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर जुन्या रिलेंचेच संपर्क असतात. रिले उरला नाही, पण त्याचे चित्र राहिले. काही तरुण मित्र याला जुनाटपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने तीस वर्षे रेघेवर बोट फिरवून सुरक्षितता तपासली, त्याला तपासता येईल अशा लिपीत निर्णय लिहिला पाहिजे. अन्यथा लिहिणारा एकटाच वाचणारा उरतो, आणि सहीसाठी कागद पुढे येतो त्याला तो नुसता कागदच असतो.

अर्थात आकृती असो वा लेख, ती वस्तूशी जुळली पाहिजे. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बालेश्वर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गिकेकडे लागलेला होता. तेथे मालगाडी उभी होती. अडीचशेहून अधिक माणसे मेली. तेथील निर्णय संगणकच करीत होता, आणि त्याचे तर्कशास्त्र चुकले असे कोणी म्हटलेले नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो फाटकाजवळच्या पेट्यांतील तारांत. तेथील जोडणीत पूर्वी केलेले फेरफार सदोष होते, तारांवरील नावपट्ट्या चुकीच्या होत्या व ते वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यातच त्या दिवशी फाटकाच्या कामासाठी पुन्हा जोडणी बदलण्यात आली. सांधा कोठे लागला आहे हे संगणकाला तारेने सांगितले आणि तार खोटे बोलली. अहवालातील एक शिफारस अशी आहे की सर्वत्र सिग्नलच्या जोडणीच्या आकृत्या आणि तारांवरील अक्षरे प्रत्यक्षाशी ताडून अद्ययावत करावीत. ती वाचली तेव्हा मला माझा एकोणिसावा कागद आठवला. माझ्या चुकीने अकरा दिवस आणि काही पाट्या गेल्या, एवढाच काय तो फरक.

नावाची ही चूक लिहिण्याच्या पद्धतीत होत नाही अशी आपली समजूत असेल तर तीही सोडावी. व्हेरिलॉगमध्ये एखाद्या तारेचे नाव आपण चुकीच्या अक्षरांनी लिहिले, तर पुष्कळ ठिकाणी यंत्र तक्रार करीत नाही. त्या चुकीच्या नावाची एक नवी तार ते गुपचूप गृहीत धरते. ही सवय बंद करण्याची एक आज्ञा आहे आणि ती प्रत्येक लेखाच्या आरंभी लिहावी असे शहाणे लोक सांगतात. न सांगता गृहीत धरण्याची ही खोड भाषेत आणखीही एका ठिकाणी आहे, आणि तिची हकीकत सांगून मी थांबणार आहे.

मागील वर्षी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याने अभ्यासासाठी लहानसे सिग्नलचे सर्किट लिहिले होते. मुलगा हुशार, लेख नीटनेटका. संगणकावर त्याने ते चालवून पाहिले होते आणि फाटक बंद केल्यावर सिग्नल हिरवा होत असल्याचे त्याने मला अभिमानाने दाखविले. मी लेख वाचला. भाषेतील शब्द इंग्रजी होते, परंतु अर्थ असा होता: फाटक बंद असेल तर परवानगी द्या. मला त्यात काही वावगे दिसले नाही, हे येथे कबूल करतो. मग केवळ जुन्या सवयीने मी त्याला म्हटले, “बाबा रे, यंत्राने यातून जी आकृती बनविली ती जरा उघड पाहू.”

त्याने ती कधीच उघडली नव्हती. लिहिणाऱ्यांची पिढी ती क्वचितच उघडते. पडद्यावर फाटकाची तार होती, परवानगीची तार होती, आणि दोघींच्या मध्ये एक चौकोन होता. तो चौकोन पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. तो स्मृतीचा घटक होता. मुलगा म्हणाला, “आजोबा, मी तर स्मृती मागितलीच नव्हती.” खरेच होते, त्याने मागितली नव्हती. परंतु फाटक बंद नसेल तर काय करावयाचे, हेही त्याने लिहिले नव्हते. भाषेचा नियम असा आहे की जेथे काही सांगितलेले नाही तेथे पूर्वीचीच स्थिती कायम ठेवावी, आणि पूर्वीची स्थिती ठेवावयाची तर ती आठवावी लागते. म्हणून यंत्राने प्रामाणिकपणे एक स्मृती बसवून दिली. फाटक एकदा बंद झाले की परवानगी मिळणार, आणि मग फाटक उघडले, रस्त्यावरची बैलगाडी रुळांवर आली, तरी परवानगी तशीच राहणार. त्याने परीक्षा घेतली ती फाटक बंद करून. पुन्हा उघडून त्याने पाहिले नव्हते.

रिलेंच्या आकृतीत हे असे अजाणता घडणे फार अवघड आहे. रिले आपल्याच संपर्कावर धरून ठेवावयाचा असेल तर ती वाट माणसाला स्वतःच्या हाताने काढावी लागते. सिग्नलचे लोक त्याला ‘स्टिक’ म्हणतात, आणि ती रेघ कागदावर ठळक दिसते. काकांनी ती पाहताच विचारले असते की ही येथे कशाला? लेखात मात्र दोष होता तो न लिहिलेल्या ओळीत, आणि न लिहिलेली ओळ वाचता येत नाही.

मुलाने लेख पुन्हा उघडला. ‘एरवी परवानगी नाही’ एवढी एक ओळ त्याने घातली व संश्लेषण पुन्हा चालविले. आम्ही दोघांनी आकृती पाहिली. चौकोन गेला होता, आणि फाटकाची तार सरळ परवानगीपर्यंत जात होती. त्याने पडद्यावर बोट ठेवून ती एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली.